संगणक बाजूला ठेवून घरच्या घरी रेकॉर्डिंग: कोणी करतं का?

खर्ज

नमस्कार मंडळी,

गेली दीड वर्षं घरातल्या एका लहान खोलीत मी रेकॉर्डिंग करतोय, तेही संगणकाशिवाय. संगणक घरात आहे, पण गाणं टिपताना त्याला हात लावत नाही. आठ इनपुटांचा एक मल्टिट्रॅक रेकॉर्डर (प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर टिपणारा), दोन माइक, दोन हेडफोन आणि स्पीकरची एक जोडी, एवढाच संसार. संगणकावरच्या रेकॉर्डिंगबद्दल इथे भरपूर लिहिलं गेलंय. नुसत्या यंत्रांवर काम करणाऱ्यांसाठी काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हौशी माणसाचा घात करते ती मांडामांड. दिवसभराची कामं आटोपून रात्री कुठे तासभर हाताशी येतो. त्यातली वीस मिनिटं वायरी शोधण्यात, प्रोग्रॅम उघडण्यात आणि आवाज नेमका कुठे अडलाय हे हुडकण्यात गेली, तर सुचलेली ओळ तोवर विरून जाते. म्हणून मी ठरवलं की माइक स्टँडवर, वायर माइकला, तिचं दुसरं टोक रेकॉर्डरला, आणि हे कायम तसंच राहणार. बटण दाबायचं, ट्रॅक निवडायचा आणि गायचं. रेकॉर्डर चालू केल्यापासून पहिला सूर टिपेपर्यंत एक मिनिटही लागत नाही.

आधी मीसुद्धा संगणकावरच करायचो. माझा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र) चांगला चालत होता, आवाजही सुरेख. मग संगणकाची नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली आणि त्या इंटरफेससाठी कंपनीने पुढे ड्रायव्हरच काढला नाही. धडधाकट यंत्र, एकही नॉब खरखरत नाही, आणि तरी ते कपाटात. त्याचं मला खरोखर वाईट वाटलं. रेकॉर्डर कुणावर अवलंबून नसतो. त्याच्यातला प्रोग्रॅम ज्या दिवशी घेतला तसाच दहा वर्षांनीही चालेल.

आता जे शिकलो ते लिहितो, क्रम सुचेल तसा.

आवाजाची पातळी. मी सुरुवातीला गेन (माइकचा आवाज वाढवणारा नॉब) इतका चढवायचो की मीटर शेवटच्या रेषेला टेकला पाहिजे. फितीच्या काळात ते बरोबर होतं, कारण फितीची सरसर झाकायला आवाज मोठाच भरावा लागे. 24 बिटच्या डिजिटल रेकॉर्डिंगला त्याची गरज नाही. कागदावर 24 बिटची झेप, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, 144 डेसिबलची, 16 बिटची 96. प्रत्यक्षात चांगल्या रेकॉर्डरला 110 च्या आसपास मिळते आणि खोलीचा स्वतःचा आवाज त्याच्या कितीतरी वर असतो. त्यामुळे सगळ्यात मोठा स्वर मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास पोचला (शून्य म्हणजे वरची हद्द) तरी काही बिघडत नाही. वरची जागा मोकळी सोडा. गाणारा माणूस तपासणीच्या वेळी जरा संकोचून गातो आणि खरा टेक सुरू झाला की पाच-सहा डेसिबल चढतो. शून्याला धडकून चिरकलेला स्वर नंतर कशानेही सावरत नाही. म्हणून गेन लावताना मी मुखडा गात नाही, तारसप्तकातली सगळ्यात जोरकस ओळ गातो.

माइक. माझ्याकडे एक डायनॅमिक आणि एक कंडेन्सर आहे. कंडेन्सरला 48 व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरीतूनच जाणारी वीज, लागते. ती चालू-बंद करताना स्पीकरचा आवाज आधी शून्यावर आणा, नाहीतर जो ठॉक बसतो तो स्पीकरला आणि कानालाही बरा नाही. डायनॅमिक माइक खोली कमी ऐकतो असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. डायनॅमिक आपण तोंडाशी धरतो, कंडेन्सर हातभर लांब ठेवतो, बराचसा फरक तिथेच पडतो. अंतर दुप्पट केलं की थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो, खोलीतला घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. कंडेन्सरसुद्धा वितीच्या अंतरावर आणा आणि ऐकून बघा.

खोली. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. त्यांनी फक्त वरच्या पट्टीतला थोडा आवाज विखुरतो, खालच्या स्वरांना ते दिसतसुद्धा नाहीत. मी रॉकवूलचे 10 सेंटिमीटर जाडीचे चार पॅनेल लाकडी चौकटीत बसवले, वरून कापड ताणलं. ते गाणाऱ्याच्या पाठीमागे लावायचे हे मला उशिरा कळलं. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, पाठीमागे तो जवळजवळ बहिरा असतो. म्हणजे माइकच्या तोंडाला दिसते ती गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. मी आधी सगळे पॅनेल माइकच्या मागे लावून बसलो होतो. ते गाणाऱ्याच्या मागे हलवले आणि आवाजातला डबा गेला.

तुमच्या मांडणीबद्दल लिहा. माझी एक अडचणही आहे, ती पुढे सविस्तर मांडतो.

---

निषाद_कोमल

वा, वाचनखूण साठवली! मी गिटार वाजवते आणि स्वतःची गाणी करते. दोन महिन्यांपूर्वी रेकॉर्डर घेतला तो याच कारणासाठी, संगणकासमोर दिवसभर बसल्यावर संध्याकाळी परत तिथेच बसवत नाही.

पण अडले आहे. माइकने गायलं की सगळं स्वच्छ. इलेक्ट्रिक गिटार थेट रेकॉर्डरला जोडली की मागे सतत घूंऽऽ असा आवाज. शांत जागी इतका ठळक ऐकू येतो की टेक वापरता येत नाही. वायर बदलून पाहिली, तरी तेच. रेकॉर्डर बिघडलेला असेल का?

---

सोल्डर

निषादताई, रेकॉर्डर बिघडला असण्याची शक्यता फार कमी. माइक स्वच्छ आणि गिटार घुमते म्हणजे आवाज बाहेरून येतोय. चार गोष्टी करून बघा आणि इथे लिहा.

1. गिटारवरचा आवाजाचा नॉब शून्यावर न्या. घूं गेला की राहिला?
2. तारांना बोट लावल्यावर तो बदलतो का?
3. खुर्चीवर बसल्या बसल्या, गिटार हातात धरून, हळूहळू गोल फिरा. आवाज कमी-जास्त होतो का?
4. रेकॉर्डरला आणखी काही जोडलंय का? अँप्लिफायर, स्पीकर, काहीही. एकेक काढून बघा.

आणखी एक, रेकॉर्डरवर गिटारसाठीचा स्विच असेल, बहुधा हाय-झी लिहिलेलं. तो चालू आहे ना? साध्या गिटारच्या पिकअपला (तारांची थरथर टिपणारा भाग) समोर सुमारे 1 मेगाओहमचा इनपुट लागतो. साध्या लाइन इनपुटचा अवरोध बराच कमी असतो, 10-20 किलोओहमच्या घरात. तिथे गिटार लावली की वरचे स्वर गिळले जातात, आवाज कांबळं पांघरल्यासारखा येतो. घूंशी याचा संबंध नाही, पण दोन महिने त्या स्विचशिवाय वाजवत असाल तर गिटारवर अन्याय होतोय.

एक सक्त सूचना. घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढा असं सांगणारे भेटतील. कधीही करू नका. ती पिन आवाजासाठी नाही, जिवासाठी आहे.

---

गुणगुण

धागा चांगला आहे, पण माझा थोडा विरोध नोंदवतो. संगणकावर संकलन जितकं बारीक करता येतं तितकं बोटाएवढ्या पडद्याच्या रेकॉर्डरवर होत नाही. दोन टेक जोडायचे, एखादा श्वास काढायचा, तालात मागे पडलेला ठोका पुढे सरकवायचा, ही कामं रेकॉर्डरवर करताना मी रडकुंडीला आलोय. आणि फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) हलवलेला पुन्हा नेमक्या त्याच जागी आणणं हा आणखी एक ताप. संगणकात गाणं सहा महिन्यांनी उघडलं तरी सगळं जागच्या जागी असतं.

संगणकावर गाताना हेडफोनमध्ये आपलाच आवाज जरा उशिरा ऐकू येतो, त्याबद्दल म्हणाल तर इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंग असतं, म्हणजे आवाज संगणकात न फिरता थेट कानात येतो, त्यामुळे तोही प्रश्न उरत नाही.

---

खर्ज

@गुणगुण, संकलनाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि मी त्याबाबत हट्टी नाही. बहुतेक रेकॉर्डर प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल कार्डावर लिहितात. टिपायचं यंत्रावर, आणि एखाद्या गाण्याला बारीक शस्त्रक्रिया लागलीच तर फाइली संगणकात घ्यायच्या. सगळ्या फाइली एकाच क्षणापासून सुरू होत असतील, तर त्या नुसत्या एकाखाली एक ठेवल्या की जुळतात. माझ्या दहापैकी सात गाण्यांना ती वेळ येत नाही.

उशिराचं थोडं तपशिलात लिहितो, कारण नवीन वाचणाऱ्यांना उपयोग होईल. संगणक आवाज तुकड्यातुकड्याने घेतो. 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 48,000 नमुने घेताना, 256 नमुन्यांचा तुकडा म्हणजे 5.3 मिलिसेकंद. आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा, वर कन्व्हर्टरचा वेळ. सगळं मिळून 12-13 मिलिसेकंद सहज होतात. हवेत आवाज तेवढ्या वेळात चार मीटर जातो. गिटारवाल्याला ते चालून जातं, अँप्लिफायर चार मीटरवर ठेवल्यासारखं. गाणाऱ्याचं तसं नाही. त्याला स्वतःचा आवाज हाडांतून तत्क्षणी ऐकू येतो आणि हेडफोनमधून मागाहून. दोन्ही एकमेकांत मिसळून काही स्वर पोकळ होतात. माणूस नकळत गळा ताणतो आणि सूर वर चढतो.

डायरेक्ट मॉनिटरिंगने हे टळतं, मान्य. पण त्यात बऱ्याचदा रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) मिळत नाही, आणि कोरड्या आवाजात गाताना मला स्वतःचा गळा परका वाटतो. रेकॉर्डरमध्ये कानात रिव्हर्ब आणि कार्डावर कोरडा आवाज असं एकाच वेळी करता येतं. हे ज्याने एकदा अनुभवलं त्याला मागे जाणं जड जातं.

---

जुनी_फीत

अरे वा, या विषयावर कोणीतरी मनापासून लिहितंय हे पाहून फार बरं वाटलं.

माझी सुरुवात चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर झाली. टॅस्कॅमने 1979 मध्ये पोर्टास्टुडिओ 144 आणला, घरात बसून एका साध्या कॅसेटवर चार ट्रॅक भरता येतील असं ते पहिलं यंत्र. साधी कॅसेट एका बाजूला दोन ट्रॅक वापरते आणि उलटली की दुसरे दोन. इथे चारही ट्रॅक एकाच दिशेने, म्हणजे कॅसेट उलटायची सोयच नाही. शिवाय आवाज चांगला यावा म्हणून ती दुप्पट वेगाने पळे, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर. हिशोब करा: 90 मिनिटांच्या कॅसेटवर साडेबावीस मिनिटं मिळत.

चार ट्रॅक संपले की बाउन्स. पहिल्या तीन ट्रॅकवर गिटार, ताल आणि पेटी भरली, तर तिन्ही मिसळून चौथ्यावर उतरवायचं आणि तिन्ही मोकळे करून त्यांवर गायचं. एकदा उतरवलं की गिटारचा आवाज कमी-जास्त करणं कायमचं संपलं. म्हणून बाउन्स करण्याआधी आम्ही डोळे मिटून तीन-तीनदा ऐकत असू. पेटी जरा दबकीच ठेवायची, कारण वर गाणं येणार आहे. जे अजून वाजलेलंच नाही त्याच्यासाठी जागा राखायची. ती सवय मला आजही उपयोगी पडते. हल्ली 24 ट्रॅकचा डिजिटल रेकॉर्डर आहे, तरी मी कोरसचे चार आवाज दोन ट्रॅकवर उतरवून मूळ ट्रॅक बाजूला ठेवतो. डिजिटलमध्ये उतरवताना सरसर वाढत नाही, एवढंच सुख आहे. निर्णय मात्र घ्यावाच लागतो, आणि तो वेळेवर घेतला की गाणं पूर्ण होतं.

गुणगुणजी, फेडर परत जागेवर आणायचा ताप खरा आहे. मी वहीत लिहितो. गाण्याचं नाव, पट्टी, लय, कोणता माइक किती अंतरावर, गेनचा नॉब घड्याळाच्या कितीवर. पाच वर्षांपूर्वीच्या पानावरून मी तोच आवाज परत उभा केलेला आहे.

---

मध्यलय

जुनी_फीत यांचा प्रतिसाद फार आवडला. वहीबद्दल +१.

---

अर्धमात्रा

मी एक अनुभव लिहिते. कोणाचे तरी चार दिवस वाचतील.

माझ्या रेकॉर्डरला माइकचे इनपुट कमी पडायला लागले म्हणून मी आठ माइकचा वेगळा प्रीअँप (माइकचा बारीक आवाज वाढवणारं यंत्र) घेतला आणि तो एडॅट ऑप्टिकल वायरने रेकॉर्डरला जोडला. ही पद्धत आली अलेसिसच्या एडॅट यंत्रातून, जे 1991 मध्ये जाहीर झालं आणि एस-व्हीएचएसच्या व्हिडिओ कॅसेटवर आठ ट्रॅक टिपायचं. ते यंत्र मागे पडलं, त्याची ऑप्टिकल वायर टिकली. एका बारीक वायरीतून 48 किलोहर्ट्झला आठ चॅनेल जातात, 96 ला चारच.

जोडलं, आवाज आला, सगळं सुंदर. मग शांत जागी टक्. जरा वेळाने पुन्हा टक्. कधी लागोपाठ, कधी वीस सेकंदांनी. मी वायर बदलली, कार्ड बदललं, फ्रीज बंद करून पाहिला, शेजारच्या खोलीतले दिवे बंद केले. एक अख्खी संध्याकाळ मी हेडफोन लावून त्या टक्‌ची वाट बघत बसले होते. ज्या टेकमध्ये तो आला नाही तो टेक चांगला, असं व्हायला लागलं होतं.

कारण होतं क्लॉक. डिजिटल यंत्रात सेकंदाला 48,000 नमुने मोजणारं एक घड्याळ असतं. माझ्या दोन्ही यंत्रांत आपापलं घड्याळ चालू होतं आणि दोन घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. फरक दहा लाखांत 20 भाग इतका जरी असला तरी 48 किलोहर्ट्झला सेकंदाला जवळपास एक नमुना इकडचा तिकडे होतो. तो सांधा ऐकू आला की टक्.

उपाय पाच सेकंदांचा. रेकॉर्डरच्या मेन्यूत जाऊन क्लॉक इंटर्नलवरून ऑप्टिकलवर नेला. आता घड्याळ प्रीअँपचं, आणि रेकॉर्डर त्याच्या मागून चालतो. कितीही यंत्रं जोडा, मालक एकच ठेवा. बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं.

---

निषाद_कोमल

@सोल्डर, सगळं करून पाहिलं. लिहिते.

नॉब शून्यावर नेला की घूं पूर्ण जातो. तारांना बोट लावल्यावर वरची किरकिर थोडी कमी होते, पण मूळ घूं तसाच. आणि फिरण्याचं तुम्ही सांगितलंत ते मला आधी विचित्र वाटलं होतं, पण कमाल झाली! खिडकीकडे तोंड केलं की जोरात, दाराकडे वळले की अर्ध्याहून कमी, आणि मध्ये एका ठिकाणी जवळजवळ नाहीसा.

हाय-झीचा स्विच बंदच होता. चालू केला आणि गिटार उजळली. दोन महिने मी टोनच्या नॉबशी झगडत होते!

---

सोल्डर

छान तपासलंत. फिरल्यावर आवाज बदलतोय म्हणजे हा अर्थ लूप (दोन यंत्रांच्या अर्थच्या वायरी जुळून होणारं वर्तुळ) नाही. तुमचा पिकअप हवेतलं चुंबकीय क्षेत्र पकडतोय. सिंगल कॉइल आहे ना? पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली हजारो वेढ्यांची तार. ती तारेची थरथर पकडते तशीच जवळच्या ट्रान्सफॉर्मरची थरथरही पकडते. वीज 50 हर्ट्झची असेल तर घूं 50 आणि 100 चा, 60 ची असेल तर 60 आणि 120 चा. यावरच उपाय म्हणून गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये हंबकर केला, एकमेकींच्या उलट दोन कॉइल, की दोघींत आलेली घूं परस्पर कटते आणि तारेचा आवाज राहतो.

आता तुमच्या खिडकीच्या बाजूला काय आहे ते बघा. जाड अडॅप्टर, मंद होणारा दिवा, जुना अँप्लिफायर? चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने घटतं. हातभर सरकवलं तरी मोठा फरक पडतो.

गिटार आणि अँप्लिफायर दोन्ही रेकॉर्डरला जोडाल तेव्हा मात्र खरा अर्थ लूप होऊ शकतो. त्यासाठी मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स घाला, त्यावर ग्राउंड लिफ्टचा स्विच असतो. तो फक्त आवाजाच्या वायरीचा अर्थ तोडतो, विजेचा नाही. म्हणून तो सुरक्षित.

---

मध्यलय

इथे सगळ्यांनी इतकं दिलंय, तर माझा एक कडू अनुभव.

मित्राचा आवाज चांगला लागला होता. तो परगावी जाणार होता, म्हणून एका रात्रीत चार गाणी करायची ठरलं. रेकॉर्ड दाबला तो थांबवलाच नाही, म्हटलं सगळं एका फाइलीत राहू दे, नंतर कापू. पन्नासाव्या मिनिटाला वीज गेली. परत आल्यावर पाहिलं तर फाइल शून्य मिनिटं दाखवत होती. मित्र काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

नंतर कळलं की बऱ्याच रेकॉर्डरमध्ये आवाज कार्डावर सतत लिहिला जातो, पण फाइल किती लांब आहे ही नोंद स्टॉप दाबल्यावरच होते. म्हणजे आवाज कार्डावर असतो, त्याचा पत्ता नसतो. कार्ड तसंच बाहेर काढलं, त्यावर पुढे काहीही लिहू दिलं नाही. संगणकावर फाइल परत मिळवायच्या एका प्रोग्रॅमने तो डेटा काढला आणि ऑडेसिटी या आवाज संकलनाच्या प्रोग्रॅममध्ये रॉ डेटा म्हणून आयात केला. तिथे हाताने सांगावं लागतं: 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, मोनो. पहिल्या प्रयत्नात नुसती खरखर आली. सुरुवात एक बाइट पुढे सरकवली, तशीच. दोन बाइट सरकवली आणि मित्र गायला लागला. 24 बिटचा प्रत्येक नमुना तीन बाइटचा असतो, सुरुवात चुकली की सगळं चुकतं. चारपैकी तीन गाणी वाचली.

तेव्हापासून प्रत्येक गाण्यानंतर स्टॉप. रेकॉर्डर आणि प्रीअँप यूपीएसवर. कार्ड संगणकात नाही, रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करायचं. आणि रात्री झोपण्याआधी फाइली दोन ठिकाणी. जागेचा हिशोब सोपा आहे: 24 बिट, 48 किलोहर्ट्झचा एक ट्रॅक मिनिटाला 8.64 एमबी घेतो, आठ ट्रॅक तासाला साधारण 4.1 जीबी. 32 जीबीच्या कार्डावर आठ ट्रॅकचे सात तास मावतात.

---

खर्ज

मध्यलय, वाचताना पोटात गोळा आला. तीन गाणी वाचली हे फार मोठं. मी आजच यूपीएसचं बघतो.

आता माझी अडचण. खोलीत स्पीकरवर मिक्स केलेलं गाणं मला पातळ वाटतं म्हणून मी खालचे स्वर वाढवतो. तेच गाणं गाडीत किंवा मित्राकडे ऐकलं की नुसता गोंगाट, बेस सुजलेला. स्पीकर चांगले आहेत. खोली 3.4 मीटर लांब, 2.9 रुंद, उंचीही 2.9. स्पीकर लांबीच्या एका टोकाला, खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यभागी.

---

जुनी_फीत

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींत खालचा स्वर अडकून उभा राहतो. कोणता, ते काढायचं तर 343 ला लांबीच्या दुपटीने भागा. 3.4 मीटरला 50 हर्ट्झ, 2.9 मीटरला 59. भिंतीपाशी तो स्वर फुगतो आणि बरोबर मध्यावर नाहीसा होतो. तुम्ही नेमके त्या खड्ड्यात बसलाय. तुम्हाला बेस ऐकूच येत नाही, म्हणून वाढवता. बाकी जगाला तो ऐकू येतो. शिवाय तुमची रुंदी आणि उंची सारखी, म्हणजे 59 चा दोष दुहेरी.

इक्यूने (ठरावीक स्वर वाढवायच्या-कमी करायच्या नॉबने) हा खड्डा भरत नाही. खुर्ची पुढे घ्या. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या 38 टक्क्यांवर कान आणून सुरुवात करा, तुमच्याकडे ते 1.3 मीटरच्या आसपास येतं. मग ओळखीचं गाणं लावून वीतभर मागेपुढे सरकत ऐका. रुंदीत मात्र मध्यावरच बसा, नाहीतर डावं-उजवं बिघडेल. कोपऱ्यांत जाड पॅनेल उभे केलेत तर आणखी सुधारेल. खालच्या स्वरांना जाडी लागते, 10 सेंटिमीटर पुरणार नाही. पॅनेल आणि भिंत यांत तितकीच पोकळी सोडा, अर्धं काम ती पोकळी करते.

---

गुणगुण

आणि मिक्स मोनोत, अगदी हळू आवाजात, एका छोट्या स्पीकरवर ऐका. गाण्याचे शब्द तिथे कळले तर सगळीकडे कळतात. या बाबतीत संगणकवाला आणि यंत्रवाला असा भेद नाही.

खर्ज, आणखी एक. दोन माइक एकाच गिटारवर लावता का? दोघांच्या अंतरात 34 सेंटिमीटरचा फरक असेल तर एकाला आवाज 1 मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही मिसळले की 500 हर्ट्झ, 1500, 2500 असे दात पडल्यासारखे स्वर गळतात. पातळ वाटण्याचं ते एक कारण असू शकतं. एका चॅनेलची पोलॅरिटी, म्हणजे लहरीची वर-खाली दिशा, उलटी करून बघा. ज्या स्थितीत आवाज भरदार येतो ती ठेवा.

---

खर्ज

काल रात्री खुर्ची पुढे घेतली. टेबल हलवावं लागलं, रेकॉर्डरची जागा बदलली, सगळ्या वायरी पुन्हा बांधल्या. ओळखीचं गाणं लावलं आणि त्यात खाली एक बेस गिटार आहे हे मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं! ते गाणं मी शेकडो वेळा ऐकलंय. मग स्वतःची जुनी मिक्स लावली. सुजलेला बेस मलाही ऐकू आला. सहा गाणी पुन्हा मिक्स करायला घेतोय.

गिटारवर दोन माइक लावत होतो. पोलॅरिटी उलटून पाहिली, फरक होता, पण शेवटी एकच माइक ठेवला. बाराव्या पडद्यासमोर, 30 सेंटिमीटरवर, किंचित गळ्याकडे वळवलेला. ऐकायला तोच खरा वाटला.

---

निषाद_कोमल

सापडलं!! खिडकीखाली, पडद्यामागे, टेबलदिव्याचा डिमर आणि रेकॉर्डरचा अडॅप्टर, दोन्ही एकाच पट्टीवर, माझ्या गुडघ्यापासून फूटभर अंतरावर. अडॅप्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला. रेकॉर्ड करताना डिमर पूर्ण बंद. राहिलेला घूं खुर्ची दाराकडे वळवल्यावर गेला. जिथे तो सगळ्यात कमी होतो तिथे मी फरशीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवलीय, खुर्चीचा पुढचा पाय तिथे.

खर्ज, तुमचं मांडामांडीचं म्हणणं आता कळलं. गिटार स्टँडवर, वायर जोडलेलीच. आज सकाळी साडेसहाला उठून, तोंड धुवायच्या आधी, दोन ओळी टिपल्या. मागे काही नाही, नुसती गिटार. शेवटचा सूर विझेपर्यंत मी हलले नाही, आणि तो विझतानाही ऐकू आला.

---

सोल्डर

खूण कायम ठेवा. आणि त्या दोन ओळी पूर्ण झाल्या की इथे ऐकवा.